मनस्वी वृत्ती आणि नेम : वऱ्हाडातील काही सर्जक व्यक्तींच्या कार्यपद्धतीचा विचार

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात प्रथम वर्षाच्या ज्या विद्यार्थ्याची कविता वाचून संपादक मंडळातील प्राध्यापक थबकतात, त्याच विद्यार्थ्याचे नाव तृतीय वर्षाच्या अंकात पुष्कळदा सापडत नाही. वाङ्मय मंडळाचे काम पाहणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. विचारणा केली तर 'सध्या काही सुचत नाही' असे उत्तर मिळते. प्राध्यापकांच्या बाबतीतही असाच प्रकार घडतो. एम.ए. करीत असताना दोन-चार चांगल्या कथा लिहिलेली व्यक्ती नोकरीत स्थिरावल्यानंतर पंधरा-वीस वर्षे प्रश्नपत्रिका, अहवाल आणि इतिवृत्ते यांपलीकडे काही लिहीत नाही. दोन्ही ठिकाणी प्रतिभा आटली, असा निष्कर्ष काढून विषय संपवला जातो. वस्तुतः प्रतिभा आटल्याचा पुरावा कोणाजवळच नसतो. मोडलेली असते ती बैठक, आणि ती मोडल्याचे दिसत असूनही तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

न बोलण्याचे कारण बरेचसे सांस्कृतिक आहे. मराठी साहित्यव्यवहारात 'मनस्वी' हे विशेषण गौरवाने लावले जाते, तर नियमितपणा हा कारकुनाचा गुण समजला जातो. कवी वेळेवर येतो, वेळेवर लिहितो आणि वेळेवर झोपतो, असे कोणी सांगितले तर श्रोत्यांचा त्याच्या कवित्वावरील विश्वास थोडा कमीच होतो. त्यामुळे सर्जनशील विद्यार्थ्याला सवयी लावण्याचा विषय निघाला की दोन टोकांचे सल्ले दिले जातात. 'पहाटे पाचला उठून रोज दोन तास लिही' हा एक, आणि 'त्याला मोकळे सोडा, प्रतिभेला बांधू नका' हा दुसरा. पहिला सल्ला आठवडाभरात मोडतो. दुसऱ्यातून बहुधा काहीच घडत नाही.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, मनस्वी स्वभावाच्या माणसाला जी सवय टिकवता येते ती कामाच्या आशयावर बंधन घालीत नाही. ती केवळ आरंभ निश्चित करते. शिवाय हा आरंभ घड्याळाला बांधलेला असण्याची गरज नसते. एखादी तारीख, एखादी कृती, एखादा रचनाबंध किंवा एखादी व्यक्ती यांपैकी एका स्थिर गोष्टीला तो बांधला तरी पुरतो. या प्रतिपादनाला आधार म्हणून परदेशी लेखकांच्या दिनचर्या नेहमी सांगितल्या जातात. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या परिसरात मात्र याची अधिक बोलकी उदाहरणे उपलब्ध आहेत.

शिस्त, सवय आणि नेम

मराठीत या तीन शब्दांची क्रियापदे वेगवेगळी आहेत. शिस्त लावली जाते, सवय लागते आणि नेम घेतला जातो. शिस्त लावणारा कोणी दुसरा असतो. सवय लागण्यात कर्ता जवळजवळ नसतोच. चहाची लागते तशी ती लागते. नेम मात्र माणूस स्वतः घेतो, तो लहान असतो आणि पुष्कळदा इतरांना दिसतही नाही. हरिपाठाचा नेम असलेला वारकरी शेतात काम करताना, बैलगाडीत बसून किंवा आजारपणात अंथरुणावरही तो पाळू शकतो; कारण नेमात स्थळ, आसन आणि मनःस्थिती यांची अट नसते. सर्जनशील व्यक्तीच्या प्रश्नाचा विचार करताना 'शिस्त' या शब्दाऐवजी 'नेम' हा शब्द वापरला तर अर्धा विरोध आपोआप मावळतो.

मानसशास्त्राच्या दृष्टीने सवय म्हणजे विशिष्ट संदर्भ आणि विशिष्ट कृती यांचे पुनरावृत्तीने जुळलेले नाते होय. संदर्भ समोर आला की कृती सुरू करण्यासाठी निर्णय घ्यावा लागत नाही. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मानसशास्त्राची तत्त्वे' या ग्रंथात सवयीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. दैनंदिन तपशील सवयीच्या हाती सोपवले म्हणजे मनाच्या वरच्या शक्ती त्यांच्या खऱ्या कामासाठी मोकळ्या राहतात, हा त्यातील प्रसिद्ध विचार. येथे सर्जकाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, सवय निर्णय वाचवते, विचार वाचवत नाही. आज लिहावे की नाही हा निर्णय रोज घ्यावा लागला तर तो रोज हरण्याचीही शक्यता असते. काय लिहावे, हा प्रश्न मात्र मोकळाच राहतो.

सवय जडण्यास २१ दिवस लागतात, असे व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतून सर्रास सांगितले जाते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या समजुतीला छेद दिला. ९६ स्वयंसेवकांनी खाणे, पिणे किंवा व्यायाम यांसंबंधीची एक साधी कृती रोज एका ठरावीक प्रसंगी १२ आठवडे करून पाहिली. कृती आपोआप होऊ लागण्यास लागणाऱ्या काळाचे मध्यक मूल्य ६६ दिवस आले. व्यक्तीपरत्वे मात्र ते १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत गेले. यातील वरचा आकडा अभ्यासाच्या मुदतीपलीकडचा, म्हणजे गणिताने काढलेला अंदाज आहे, हे सहसा सांगितले जात नाही. याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष अधिक उपयोगी आहे. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेवर लक्षणीय परिणाम झाला नाही. मनस्वी माणसाची सवय मोडते ती बहुधा चुकलेल्या पहिल्या दिवसामुळे मोडत नाही. 'एकदा चुकले, आता काय उपयोग' या त्याच्या स्वतःच्या निवाड्यामुळे मोडते. अर्थात पाण्याचा पेला पिणे आणि कविता लिहिणे यांत अंतर आहे. लेखनाची सवय ६६ दिवसांत जडते, असे या अभ्यासावरून म्हणता येणार नाही. लेखनाला बसण्याची जडू शकते, एवढेच म्हणता येईल.

तारखेला बांधलेला नेम : दादासाहेब खापर्डे

अमरावतीचे ख्यातनाम वकील आणि लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी गणेश श्रीकृष्ण उपाख्य दादासाहेब खापर्डे (१८५४–१९३८) यांना नियमबद्ध जीवनाचे उदाहरण म्हणून कोणी पुढे करणार नाही. त्यांचे औदार्य, त्यांचा खर्चिक थाट, पंक्तीला बसणारी माणसे, विनोदी वक्तृत्व आणि संगीत-नाटकांची आवड यांमुळे त्यांना 'वऱ्हाडचे नबाब' म्हटले जाई. १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले तेव्हा ते स्वागत समितीचे अध्यक्ष होते. टिळकांच्या शिक्षेविरुद्ध दाद मागण्यासाठी ते १९०८ मध्ये इंग्लंडला गेले आणि १९१० पर्यंत तेथे राहिले. अशा धावपळीच्या आणि पाहुण्यांनी भरलेल्या आयुष्यात त्यांनी एक गोष्ट अनेक दशके चालू ठेवली. ती म्हणजे इंग्रजीतून लिहिलेली दैनंदिनी. तिच्या वह्या नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेल्या आहेत. राजकारणात 'नेमस्त' पक्षाचे विरोधक म्हणून ओळखले गेलेले हे जहाल गृहस्थ लेखनाच्या बाबतीत अक्षरशः नेमस्त होते, ही मौजेची गोष्ट म्हणावी लागेल.

या दैनंदिनीचा साईबाबांच्या सहवासातील भाग स्वतंत्रपणे छापला गेल्यामुळे सर्वसामान्य वाचकास परिचित आहे. डिसेंबर १९१० मधील एक लहान मुक्काम आणि डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ मधील दीर्घ मुक्काम यांच्या नोंदी त्यात येतात. त्या वाचताना लेखनाची पद्धत लक्षात येते. सकाळी लवकर उठणे झाले की उशिरा, येथून नोंद पुष्कळदा सुरू होते. मग प्रार्थना, भेटीस आलेली माणसे, मशिदीतील दर्शन, दुपारचे वाचन, रात्रीचे भजन. 'परमामृत'सारख्या ग्रंथाचे सामूहिक वाचन चालू असल्याचे उल्लेख येतात. काही नोंदी विस्तृत आहेत, काही चार-दोन ओळींच्या. उशिरा उठल्याची नोंदही तितक्याच सहजपणे होते आणि तिच्याबद्दल खंत करीत बसण्यात शाई खर्च होत नाही.

हा शेवटचा विशेष दुर्लक्षण्यासारखा नाही. दैनंदिनी लिहिणाऱ्याकडे तिची मागणी फक्त तारखेची असते. आज काही महत्त्वाचे घडले का, घडलेले नीट शब्दांत आले का, किती पाने झाली, यांपैकी कशाचीही ती विचारणा करीत नाही. त्यामुळे पाहुणचारात, प्रवासात, न्यायालयाच्या कामात किंवा परदेशी मुक्कामातही ती चालू राहू शकते. खापर्डे यांचा स्वभाव बदलून ते नेटके झाले, असे घडले नाही. खर्चिकपणा आणि लोकसंग्रह शेवटपर्यंत राहिला. स्वभावाला धक्का न लावता त्याच्या शेजारी एक लहान स्थिर गोष्ट उभी करता येते, हे या उदाहरणातून दिसते. आणि ज्या काळाविषयी मोठे ग्रंथ लिहिण्यास खापर्डे यांना सवड झाली नसती, त्या काळाचे अस्सल साधन त्या लहान गोष्टीतून इतिहासाच्या अभ्यासकांना मिळाले.

कृतीला बांधलेला नेम : गाडगे महाराज

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेले आणि बालपणी मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाकडे गुरे राखलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांनी १९०५ मध्ये घर सोडले. त्यानंतर २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ देह ठेवीपर्यंत ते फिरतीवर होते. ज्या माणसाला घर नाही, ठरलेला गाव नाही आणि अक्षरओळख नाही, त्याच्या जीवनात आधुनिक अर्थाने दिनचर्या कोठून असणार? तरीही गाडगे महाराजांच्या कार्याचा क्रम महाराष्ट्राला पाठ आहे. गावात आल्यावर हाती खराटा, दिवसभर रस्त्यांची झाडलोट, श्रम केल्यावरच भाकर आणि रात्री कीर्तन.

या क्रमाकडे समाजसुधारणेच्या दृष्टीने पाहण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. परंतु कीर्तन ही गाडगे महाराजांची सर्जनशील कृती होती, या बाजूनेही त्याकडे पाहता येते. त्यांच्या कीर्तनाला लिखित संहिता नव्हती. वऱ्हाडी बोलीतील प्रश्न, श्रोत्यांकडून घेतलेली उत्तरे, त्या उत्तरांतून निघणारा पुढचा प्रश्न आणि मधूनच नामाचा गजर, अशी ती रचना त्या-त्या रात्री उभी राहत असे. अशा उत्स्फूर्त रचनेला सामग्री लागते. ती दिवसभराच्या झाडलोटीतून मिळत असावी, असे मानण्यास जागा आहे. गाव झाडणाऱ्याला गाव कळते. दारूचे गुत्ते कोठे आहेत, पाणवठ्याची अवस्था काय, देवापुढे बकरे कापल्याच्या खुणा कोठे दिसतात, कोणत्या वस्तीकडे कोणी फिरकत नाही, हे सायंकाळपर्यंत डोळ्यांखालून गेलेले असते. रात्रीच्या कीर्तनातील कर्ज, व्यसन, पशुहत्या आणि अस्पृश्यता यांवरील प्रश्न हवेतून येत नसत.

खापर्डे यांच्या बाबतीत स्थिर होती ती तारीख. गाडगे महाराजांच्या बाबतीत स्थळ आणि वेळ दोन्ही बदलती होती. स्थिर होती ती पहिली कृती. ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्ये सर्जनप्रक्रियेचे पूर्वतयारी, परिपाक, स्फुरण आणि पडताळणी असे चार टप्पे सांगितले. स्फुरणावर कोणाचेही नियंत्रण चालत नाही, हे मान्य केले तरी पूर्वतयारी सवयीच्या हाती देता येते. खराटा हे त्या पूर्वतयारीचे साधन होते, असे म्हटल्यास त्याचे सामाजिक मोल कमी होत नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यापुढे हे उदाहरण ठेवताना एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट ठरेल. मुख्य कामाच्या आधी येणारी कृती अंगमेहनतीची आणि साधी असावी. तिला प्रतिभा लागू नये. मेज पुसणे, कालचे पान स्वच्छ उतरवून काढणे, रंगांच्या वाट्या धुणे किंवा तंबोरा जुळवणे अशा कृतीला 'मूड' लागत नाही.

रचनाबंधाला बांधलेला नेम : सुरेश भट

अमरावतीत १५ एप्रिल १९३२ रोजी जन्मलेले सुरेश भट हे तर मनस्वीपणाचे प्रतीकच मानले जातात. लहानपणी पोलिओमुळे पायाला आलेले अपंगत्व, पदवी परीक्षेतील अपयश पचवून १९५५ मध्ये मिळवलेली बी.ए.ची पदवी, ग्रामीण भागातील शिक्षकी, मैफली आणि भटकंती यांनी त्यांचे तरुणपण भरलेले होते. 'रूपगंधा' (१९६१), 'रंग माझा वेगळा' (१९७४), 'एल्गार' (१९८३) आणि 'झंझावात' (१९९४) या संग्रहांमधील अंतरे पाहिली तर दिनदर्शिकेनुसार काम करणारा हा कवी नव्हता, हे उघड आहे. आणि तरीही मराठीतील अत्यंत काटेकोर काव्यप्रकार ज्याने रुजवला, तो हाच कवी.

गझलेचे नियम थोडक्यात असे. सर्व शेर एकाच वृत्तात असावे लागतात. पहिल्या शेरात म्हणजे मतल्यात दोन्ही ओळींच्या अखेरीस यमक म्हणजे काफिया आणि त्यापुढे न बदलणारे अंत्ययमक म्हणजे रदीफ सांभाळावे लागते. पुढील प्रत्येक शेरात हे बंधन दुसऱ्या ओळीला असते. काफियातील स्वराची अलामत बदलून चालत नाही. एवढी बंधने असली तरी अर्थाच्या दृष्टीने प्रत्येक शेर स्वतंत्र कविता असतो. मागच्या शेराशी त्याचे नाते असण्याची आवश्यकता नाही.

बंधन आणि स्वातंत्र्य यांची ही वाटणी सवयीच्या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. दीर्घ कथा किंवा खंडकाव्य मध्येच सोडले की पुन्हा त्यात शिरताना सर्व धागे उचलावे लागतात आणि अस्थिर स्वभावाचा लेखक तेथेच गळतो. शेराचे एकक दोन ओळींचे असते. ते चालता चालता, प्रवासात किंवा रात्री जागेपणी मनात पूर्ण होऊ शकते. वृत्त आणि रदीफ ठरलेले असल्यामुळे आठवड्यानंतर परत येणाऱ्या कवीला कोठून सुरुवात करावी हे शोधावे लागत नाही. रदीफ त्याची वाट पाहत उभीच असते. म्हणजे ज्याला वेळेचा नेम पाळता येत नाही, त्याच्यासाठी रचनाबंधच नेमाचे काम करतो. मुक्तछंदात लिहिणाऱ्या विद्यार्थी कवीला काही काळ वृत्तात लिहावयास सांगण्यामागे परंपरेचे प्रेम हे एकच कारण असू नये. काम जेथे सोडले तेथे परत सापडण्याची सोय, हेही कारण आहे.

भटांच्या कार्याची दुसरी बाजू म्हणजे नवोदितांना केलेले मार्गदर्शन. गझलेच्या तंत्राची ओळख करून देणारी 'गझलेची बाराखडी' त्यांनी लिहिली आणि होतकरू कवींपर्यंत पोहोचवली. त्यांच्याशी पत्रव्यवहार करून त्यांच्या रचना तपासल्या. उर्दूतील उस्ताद-शागीर्द परंपरेतील इस्लाहचीच ही मराठी आवृत्ती होती. कोणाकडे तरी रचना पाठवायची आहे आणि तेथून उत्तर येणार आहे, ही अपेक्षा नवोदिताला बैठक देते. आज मराठीत गझल लिहिणाऱ्यांची जी मोठी संख्या दिसते, तिच्या मुळाशी प्रतिभेइतकाच टपालाचाही वाटा आहे, असे म्हटले तर वावगे होऊ नये.

माणसांना बांधलेला नेम

प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी बालपणीच, नवव्या महिन्यात गेली. अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांच्या नावावर शंभरावर लहानमोठे ग्रंथ जमा झाले. वाचन आणि लेखन या दोन्ही क्रिया दुसऱ्याच्या डोळ्यांनी आणि हातांनी होत असल्यामुळे त्यांची बैठक एकट्याच्या लहरीवर अवलंबून असणे शक्यच नव्हते. वाचून दाखवणारा आणि उतरवून घेणारा येऊन बसला की काम सुरू होणार, हे ओघानेच आले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या बाबतीत हेच तत्त्व समूहाच्या पातळीवर दिसते. यावलीत १९०९ मध्ये जन्मलेल्या आणि तरुणपणी रानावनांत भटकलेल्या या खंजिरीवादक कवीने मोझरीच्या गुरुकुंजात सामुदायिक ध्यान आणि प्रार्थना यांचा नित्यक्रम उभा केला. 'ग्रामगीते'चे ४१ अध्याय आणि असंख्य भजने यांच्यामागे ऐकणाऱ्यांचा रोजचा मेळा होता. पहाटे किंवा सायंकाळी पन्नास माणसे वाट पाहत बसलेली असतील तर कवीला 'आज मनःस्थिती नाही' असे म्हणणे अवघड जाते.

प्राध्यापकांच्या लेखनाविषयी

हा विषय केवळ विद्यार्थ्यांचा नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग प्राध्यापकांवरच झाला होता. लेखन अडलेल्या २७ प्राध्यापकांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या गटाने निकडीच्या कामाव्यतिरिक्त काही लिहू नये, दुसऱ्याने वाटेल तेव्हा लिहावे आणि तिसऱ्याने ठरल्या दिवशी लिहावेच, असे ठरले. तिसऱ्या गटातील व्यक्तीने न लिहिल्यास तिला न आवडणाऱ्या संस्थेला तिच्याच नावाचा धनादेश पाठवला जाई. ही क्लृप्ती आपल्याकडे कितपत रुचेल, हा वेगळा प्रश्न आहे. दहा आठवड्यांत तिसऱ्या गटाने दुसऱ्या गटाच्या सुमारे साडेतीन पट पाने लिहिली, यात नवल नाही. नवल हे की नव्या कल्पनाही त्याच गटाला अधिक सुचल्या : दिवसाला सुमारे एक. वाटेल तेव्हा लिहिणाऱ्यांना दोन दिवसांत एक, आणि न लिहिणाऱ्यांना पाच दिवसांत एक. सुचल्यावर लिहायला बसावे, ही समजूत या आकड्यांनी उलटी केली.

तथापि या लहान प्रयोगावर मोठी इमारत उभारणे योग्य नाही. न्यूझीलंडमधील अभ्यासक हेलन स्वॉर्ड यांनी शंभर यशस्वी शैक्षणिक लेखकांच्या मुलाखती घेऊन २०१६ मध्ये दाखवून दिले की, त्यांपैकी रोज लिहिणारे थोडेच आहेत. प्रत्येकाचा ताल वेगळा आहे. यातून बॉइस खोटे ठरत नाहीत. लेखन अडलेल्या माणसाला रोजची लहान बैठक उपयोगी पडते. ज्याचे अडलेले नाही त्याला ती लादू नये, असा दोन्हींचा मेळ बसतो.

आपल्याकडे मात्र प्राध्यापकाच्या लेखनाला बाहेरून शिस्त लावण्याचा मार्ग निवडला गेला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरी निर्देशांक आणला आणि प्रकाशनांना गुण मिळू लागले. २०१८ च्या विनियमांत ती पद्धत बदलली. गुणांच्या हिशेबाने पदोन्नतीच्या तारखेआधी लेख तयार होतात, तारीख टळली की लेखन थांबते. शिस्त लागली, नेम लागला नाही.

वऱ्हाडातील ऋतुमान आणि सवयीचे वेळापत्रक

सवयींविषयीची बहुतेक पुस्तके थंड हवेच्या देशांत लिहिली गेली. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत दुपारी तीन ते पाच ही अभ्यासाची वेळ ठरवणे म्हणजे पराभव ठरवूनच कामाला लागणे होय. कूलरच्या आवाजात वाचन जमेल, रचना जमणे कठीण. ऋतूनुसार वेळ बदलणे हा वऱ्हाडातील माणसाचा नियमभंग नाही. शेतकरी शतकानुशतके तेच करीत आला आहे. म्हणून येथे घड्याळापेक्षा प्रसंगाला बांधलेली सवय अधिक टिकाऊ ठरते. 'सकाळी सहाला' याऐवजी 'सकाळचा चहा झाल्यावर' असे ठरवले तर चहाची वेळ उन्हाळ्यात पुढे-मागे झाली तरी बैठक तिच्याबरोबर सरकते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये 'अमुक झाले की तमुक करीन' अशा स्वरूपाच्या संकल्पांचे जे महत्त्व सांगितले, ते याच जातीचे आहे.

ग्रामीण विद्यार्थ्याच्या बाबतीत शेतीचे वर्षही ध्यानात घ्यावे लागते. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी यांच्या दिवसांत वर्गातील उपस्थिती घटते, तशी वहीतील पानेही कोरी राहतात. त्या विद्यार्थ्याला आळशी ठरवण्यापूर्वी तो दिवसभर कोठे होता हे विचारलेले बरे. तेल्हारा, अकोट किंवा दर्यापूरकडून एस.टी.ने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याजवळ तर एक तयार प्रसंग असतो. बसमध्ये जागा मिळाली की वही उघडायची. जागा न मिळाल्यास त्या दिवशी सुटी.

सवयीची मर्यादा

उत्पादक सवयींचे गुणगान करताना एक अडचण नजरेआड करता येणार नाही. अमरावतीत वास्तव्य केलेले कादंबरीकार उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) ही मराठी कादंबरीच्या इतिहासातील मानाची कृती समजली जाते. पुढे लेखनावरच उपजीविका करण्याचा दुर्मीळ आणि धाडसी निर्णय त्यांनी घेतला आणि मोठ्या संख्येने कादंबऱ्या लिहिल्या. समीक्षेने त्यांना पुन्हा 'धग'च्या मापाने मोजले आणि बहुतेक वेळा उणे ठरवले. या निवाड्यात लेखकाच्या चरितार्थाविषयीची बेपर्वाई आहे, हे खरे. तरी त्यात तथ्यही आहे. सवय पाने देते. त्या पानांना कस देण्याची हमी तिच्याजवळ नसते. 'धग'मागे जगण्याचा जो दाब होता, तो बैठकीतून निर्माण करता येत नाही. म्हणून विद्यार्थ्याला सवय लावताना पानांची संख्या हे मोजमाप देणे धोक्याचे आहे. तारीख मोजावी, पाने मोजू नयेत.

वाङ्मय मंडळापुरती एक योजना

वार्षिकांकासाठी जानेवारीत 'साहित्य मागवण्यात येत आहे' अशी सूचना लावण्याची पद्धत सर्वत्र आहे. ती मनस्वी विद्यार्थ्याला वर्षभर मोकळे सोडते आणि शेवटी आठ दिवसांची मुदत देते. त्याऐवजी सत्राच्या आरंभीच इच्छुक विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक शंभर पानी वही द्यावी. आठवड्यातील एक दिवस आणि एक खोली ठरवावी. त्या दिवशी तेथे अर्धा तास बसून लिहिणे किंवा चित्र काढणे एवढीच अट असावी. विषय दिला जाऊ नये, वाचून दाखवण्याची सक्ती नसावी, गुण तर नसावेतच. वही पाहणाऱ्या प्राध्यापकाने फक्त तारीख आहे की नाही हे पाहावे. मजकुराविषयी विद्यार्थ्याने स्वतःहून विचारले तरच, भटांच्या पत्रांप्रमाणे, लेखी आणि ओळीगणिक उत्तर द्यावे. दिवाळीच्या सुटीआधीचे आणि नंतरचे आठवडे वेचणीचे म्हणून कोरे धरावेत आणि सुटीनंतरच्या पहिल्या बैठकीला मागील पाने भरून काढण्यास कोणालाही सांगू नये. त्या दिवसाची तारीख घालून तेथूनच पुढे सुरू करावे. मंडळाच्या प्रमुख प्राध्यापकांची स्वतःची वही त्याच मेजावर, इतरांच्या वह्यांबरोबर असावी.